विहारात बौद्ध, कागदावर कोण?

मागच्या महिन्यात एक बापलेक माझ्या ऑफिसमध्ये आले. मुलाच्या जात पडताळणीचे काम होते. मी कागद पाहायला घेतले. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत 'महार'. वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध'. आणि मुलाच्या दाखल्यावर 'हिंदू-महार'. मी मुलाला विचारले, "तुझा धर्म कोणता?" तो म्हणाला, "सर, बौद्धच." "मग इथे हिंदू कोणी लिहिले?" मुलगा गप्प बसला. वडील खाली मान घालून म्हणाले, "वकीलसाहेब, मीच लिहिले. शाळेत नाव घालताना. पोराची सवलत जाऊ नये म्हणून."

हा माणूस कोणी ऐरागैरा नाही. वस्तीतल्या विहारात वर्षानुवर्षे बुद्धवंदना घेणारा, १४ एप्रिलला वर्गणी गोळा करणारा, दरवर्षी दीक्षाभूमीला जाणारा उपासक आहे. घराच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. पण पोराच्या कागदावर हिंदू! हा एकट्याचा दोष असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. असे कागद माझ्या टेबलावर दर आठवड्याला येतात. १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून देशाची जनगणना होत आहे आणि ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने घेतलेल्या निर्णयानुसार तिच्यात जातींचीही मोजणी होणार आहे. म्हणून हा प्रश्न आताच उघडपणे बोलला पाहिजे.

आधी आकडे पाहू. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते जेमतेम अडीच हजार. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि दिली. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले बौद्ध जवळजवळ २८ लाख झाले. जगाच्या इतिहासात दहा वर्षांत अशी नोंद क्वचितच झाली असेल. आता २०११ पाहा. महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाख ३१ हजार. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात महार जातीची नोंद सुमारे ८० लाख. म्हणजे राज्यातला प्रत्येक बौद्ध पूर्वाश्रमीचा महार आहे असे धरले तरी किमान साडेचौदा लाख महारांनी धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलेले नाही. देशपातळीवर तर २००१ ते २०११ या दशकात लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली आणि बौद्ध वाढले फक्त ६.१ टक्क्यांनी. आपल्या घरांत मुले जन्माला आली नाहीत काय? आली. ती दुसऱ्याच रकान्यात मोजली गेली.

आता १९६१ सालच्या त्या २८ लाखांची परिस्थिती आठवा. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदूखेरीज अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा समजले जात नव्हते. १९५६ साली शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा झाला नाही. महाराष्ट्र सरकारने राज्याच्या पातळीवर नवदीक्षितांना सवलती दिल्या, पण केंद्राची नोकरी नाही, राखीव मतदारसंघ नाही. नागपूरच्या एका राखीव जागेवरून १९६२ साली निवडून आलेल्या आमदाराची निवडणूक सर्वोच्च न्यायालयात रद्द झाली. कारण एकच, ते बौद्ध झाले होते. 'पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम' हा तो निकाल. आजही कायद्याचे विद्यार्थी तो वाचतात. धर्म मानणे म्हणजे काय, हे न्यायालयाने त्यात सांगितले. माणसाने आपली श्रद्धा उघडपणे, संबंधितांना कळेल अशी जाहीर केली की तो तो धर्म मानतो. मनात काय आहे हे शोधत कायदा बसत नाही. तुम्ही चारचौघांत काय जाहीर केले, हे तो पाहतो.

ज्यांच्या अंगावर धड कपडा नव्हता, त्या आपल्या आजी-आजोबांनी नुकसान होणार हे माहीत असून 'बौद्ध' सांगितले. केंद्रातल्या सवलतींसाठी समाजाला १९५६ पासून १९९० पर्यंत ३४ वर्षे लढावे लागले. १९९० साली व्ही. पी. सिंग यांच्या सरकारच्या काळात संसदेने कायदा दुरुस्त केला आणि हिंदू, शीख यांच्या जोडीला 'बौद्ध' हा शब्द त्या आदेशात आला. आज बौद्ध लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. महाराष्ट्रात धर्मांतरित बौद्धांसाठी जातीच्या दाखल्याचा स्वतंत्र नमुनासुद्धा आहे. ज्यांचे नुकसान होत होते ते डगमगले नाहीत. ज्यांचे काहीच नुकसान होत नाही ते आपण मात्र 'हिंदू' लिहून मोकळे होतो!

यात सगळा दोष आपल्या माणसांचा नाही, हेही सांगितले पाहिजे. बौद्ध दाखला घेऊन गेलेल्या पोराला खिडकीवरून परत पाठवणारे कारकून मी पाहिले आहेत. "बौद्ध आहात तर एससी कसे?" असे विचारणारे अधिकारी पाहिले आहेत. १९९० ची दुरुस्ती त्यांच्या टेबलापर्यंत पोहोचलेली नसते. एक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. असे चार हेलपाटे झाले की बाप म्हणतो, जाऊ दे, हिंदू लिही. म्हणून ही भीती खोटी म्हणून झटकता येणार नाही. ती कायद्याची माहिती देऊन आणि त्या खिडकीवर सोबत उभे राहूनच घालवावी लागेल.

जनगणनेबाबत तर या भीतीला अजिबात जागा नाही. जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ नुसार जनगणनेची नोंद कोणाला तपासायला मिळत नाही आणि ती पुरावा म्हणून वापरता येत नाही. तुम्ही प्रगणकाला काय सांगितले हे जात पडताळणी समितीसमोर येत नाही. कलम ८ प्रमाणे आपल्या माहितीनुसार आणि समजुतीनुसार खरे उत्तर देणे आपल्यावर बंधनकारक आहे. कलम ११ प्रमाणे प्रगणकाने जाणूनबुजून खोटी नोंद केली तर त्यालाही शिक्षा आहे. २०११ च्या तक्त्यात हिंदू १, मुस्लिम २, ख्रिश्चन ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६ असे क्रमांक होते आणि हिंदू, शीख, बौद्ध या तिघांनाही अनुसूचित जातीची नोंद खुली होती. म्हणजे धर्म बौद्ध आणि जात अनुसूचित, ही नोंद सरकारच्याच नियमात बसणारी आहे.

आता जातीच्या रकान्याबद्दल. हा प्रश्न जास्त दुखरा आहे. अनेक कार्यकर्ते संतापून विचारतात, "जात सोडण्यासाठी तर धम्म स्वीकारला. आता पुन्हा महार लिहायचे?" त्यांचा संताप मला समजतो. माझाही हात तिथे अडखळतो. पण दोन रकाने दोन वेगळे प्रश्न विचारतात. धर्माचा रकाना विचारतो, तुम्ही काय स्वीकारले? जातीचा रकाना विचारतो, या समाजाने तुम्हाला कोणत्या नावाने गावाबाहेर ठेवले? पहिले उत्तर आपल्या निवडीचे आहे. दुसरे उत्तर म्हणजे ज्या अन्यायाची भरपाई घटनेने मान्य केली, त्या अन्यायाचा पुरावा आहे. दवाखान्यात जखम दाखवणारा माणूस काही जखमेचा अभिमान बाळगत नाही. आणि आपण म्हणजे एकच जात नव्हे. मातंग, चर्मकार, भटके-विमुक्त, ओबीसी समाजातूनही लोक धम्मात आले आहेत. त्यांनाही हीच दोन उत्तरे देता आली पाहिजेत.

तिसरा प्रश्न आपल्या तरुणांचा. शिकलेली मुले म्हणतात, "आम्ही कुठलाच धर्म मानत नाही. फक्त आंबेडकरवादी आहोत, विवेकवादी आहोत." त्यांच्यावर डोळे वटारू नयेत. धर्म न मानण्याचा अधिकारही घटनेच्या कलम २५ मध्येच आहे. मुंबईत काही नागरिकांनी राजपत्रात 'कोणताही धर्म नाही' अशी नोंद मागितली आणि शासकीय मुद्रणालयाने ती नाकारली. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, मी कोणत्याही धर्माचा नाही असे म्हणण्याचा नागरिकाला अधिकार आहे आणि शासन त्याला धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही. २०११ च्या जनगणनेतही देशात सुमारे २८ लाख ६७ हजार लोकांचा धर्म 'नमूद नाही' असा आहे.

तेव्हा ज्याची खरोखर तशी धारणा आहे त्याने ती निर्भयपणे सांगावी. मात्र या मुलांना माझे दोन प्रश्न आहेत. पहिला, ईश्वर नाकारणारा, आत्मा नाकारणारा, आपला शब्दसुद्धा तपासून घ्या म्हणणारा बुद्ध तुमच्या विवेकाच्या आड कुठे येतो? धर्म आणि धम्म यांतला फरक बाबासाहेबांनी आपल्या अखेरच्या ग्रंथात स्वतंत्रपणे मांडला आहे, तो एकदा वाचा. आणि दुसरा, तुमच्या शाळेच्या दाखल्यावर आज काय आहे? तिथे 'हिंदू' असेल आणि ते तुम्ही कधी बदललेच नसेल, तर तुमची निधर्मी भूमिका मित्रांच्या गप्पांपुरती राहते. जो काहीच सांगत नाही त्याच्या नावापुढे या देशात आपोआप काय लिहिले जाते, हे वेगळे सांगायला नको.

काही जण कायद्याचा आधार देऊन म्हणतात की, बौद्ध हे कायद्याने हिंदूच आहेत. हे अर्धसत्य आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ बौद्धांना लागू होतो. पण त्या कायद्याचे कलम २ नीट वाचा. हिंदूंचा उल्लेख वेगळा आहे आणि बौद्ध, जैन, शीख यांचा वेगळा आहे. कायदा लागू होणे वेगळे आणि धर्म एक असणे वेगळे. घटनेच्या कलम २५ मधले स्पष्टीकरणही त्या कलमाच्या एका उपखंडापुरतेच आहे. १९९३ साली केंद्र सरकारनेच बौद्धांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. हिंदू असतो तर अल्पसंख्याक कसे झालो असतो?

हे सगळे लिहिताना माझ्याच घरची एक गोष्ट सांगितली नाही, तर हा उपदेश खोटा ठरेल. २०११ साली मी वस्तीवस्तीत जाऊन 'धर्म बौद्ध लिहा' म्हणून सभा घेत होतो. आमच्या घरी प्रगणक आले तेव्हा मी कोर्टात होतो. आईने दार उघडले. त्यांनी नावे विचारली, वये विचारली, "एससी ना?" म्हणून विचारले. आई हो म्हणाली. संध्याकाळी मी विचारले, "धर्म काय सांगितलास?" आई म्हणाली, "त्यांनी विचारलंच नाही रे." आमच्या पाच माणसांच्या घरापुढे काय लिहिले गेले, हे मला आजही माहीत नाही. लोकांना शिकवायला निघालो आणि घरच्या म्हाताऱ्या माणसाला एक वाक्य सांगायचे राहिले. आज आई नाही. तिच्या हयातीतल्या शेवटच्या जनगणनेत ती कोण म्हणून मोजली गेली, हा प्रश्न मला अजून सलतो.

म्हणून समाजबांधवांना आणि भगिनींना विनंती आहे. यावेळी मोजणी मोबाइलवर होणार आहे आणि स्वतः माहिती भरण्याचीही सोय आहे. प्रत्येक विहाराने, प्रत्येक मंडळाने दोन शिकलेली मुले या कामाला लावावीत. दारात कोणीही आले तरी घरातल्या थोरांपासून शाळकरी मुलीपर्यंत प्रत्येकाला उत्तर पाठ असले पाहिजे. धर्म: बौद्ध. त्यात 'हिंदू-बौद्ध' नको, 'नवबौद्ध' नको. जात: दाखल्यावर जी असेल ती. प्रगणकाने विचारले नाही तर आपण सांगायचे आणि काय भरले ते दाखवायला सांगायचे. आणि जूनमध्ये मुलाचे नाव शाळेत घालताना हेच दोन शब्द नीट लिहायचे.

त्या बापलेकांचे काम मी हाती घेतले आहे. आजोबांची जुनी नोंद भक्कम आहे, त्यामुळे पडताळणीला अडचण येऊ नये. निघताना बाप म्हणाला, "साहेब, धाकटीचं नाव पहिलीत घालायचंय. तिच्या फॉर्मवर काय लिहू?" मी काही बोलायच्या आत मुलगाच म्हणाला, "पप्पा, बौद्ध लिहा."

येवल्याला १९३५ साली बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी प्रतिज्ञा केली आणि एकवीस वर्षांनी ती पुरी केली. आपल्याला एवढे मोठे काही करायचे नाही. एका रकान्यात खरे लिहायचे आहे.

जय भीम!