निकालाची प्रत

परवा बोईसरला आमच्याकडे चहाबरोबर वादही रंगला. निमित्त तारापूर एमआयडीसीत कामाला येणाऱ्या पोरांचं. खोली भाड्याने घ्या, सिम घ्या, ठेकेदाराकडे नाव लावा.. सगळीकडे आधारची झेरॉक्स! त्यातली कुठली कोणाच्या हातात जाते, देव जाणे. मामा म्हणाले, "दुसऱ्याची ओळख चोरणाऱ्याला कसलं आलंय अपील? शिक्षा झाली ना, भोग म्हणावं!"

मामा हे वाचतातच, म्हणून उत्तर इथेच लिहितेय.

शिक्षा हवीच. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६सी कलम आलं. दुसऱ्याचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक सही किंवा ओळखीची खूण अप्रामाणिकपणे वापरली तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. पण मामा, या गुन्ह्यात पोलीस आधी जातात ते कागदावरच्या नावाकडे. सिम एकाच्या झेरॉक्सवर, फसवणूक दुसऱ्याची, आणि दारात उभं राहावं लागतं पहिल्याला. अशा ठिकाणी पुरावा पुन्हा एकदा तपासून घ्यायची सोय नको?

एक जुना खटला सांगते. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. विद्यापीठात शिकवणारे हे गृहस्थ. कर्नाटक विद्यापीठाचा शिक्का बनवून घ्यायला गेले, तेही विद्यापीठाच्या नावाचं खोटं अधिकारपत्र घेऊन. सत्र न्यायालयाने कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ती ३ वर्षांवर नेली. ते सर्वोच्च न्यायालयात पोचले चारेक वर्षांनी, शिक्षा भोगून झाल्यावर! त्यांचं म्हणणं, निकालाची प्रत तुरुंगात मला मिळालीच नाही.

१९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने त्यांची याचिका फेटाळली. पण त्याच निकालात सांगितलं की कैद्याला निकालाची प्रत वेळेवर आणि मोफत द्या, दिल्याची त्याची सही घ्या, आणि ऐपत नसेल तर अपिलासाठी वकील द्या.

म्हणजे ते स्वतः हरले, पण त्यांच्यामागून येणाऱ्या प्रत्येक कैद्याची सोय झाली, त्यातल्या निर्दोषांचीही. म्हणून मला वाटतं, अपील हे लबाडांचं पळवाटीचं दार नव्हे. मात्र ते वेळेत गाठावं लागतं. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात जायला मुदत असते ३० दिवसांची. शिवाय वकिलाच्या फीच्या धास्तीने गुन्हा कबूल केला, तर पुढे अपिलात बहुतेक फक्त शिक्षेच्या प्रमाणावर आणि वैधतेवरच बोलता येतं. हे त्या खोलीवरच्या पोराला कोण सांगणार?

तेव्हा मामा, चोराला शिक्षा जरूर व्हावी. पण ती चोरालाच झाली ना, हे विचारायची वाट उघडी राहू दे. झेरॉक्स तर तुमचीही कुठे कुठे पडली असेल!

असो. पुढच्या रविवारी चहाला या, उरलेलं भांडण तेव्हा.