कोकम बटर विकायचंय? मग 'चमत्कार' विकू नका!

कोकम तेलाच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो, "सर, लेबलवर काय लिहू म्हणजे माल खपेल?" माझं मत स्पष्ट आहे. जे खरं आहे तेवढंच लिहा. तेवढं पुरेसं आहे.

कोकणात आमसूल आणि आगळ झाल्यावर बिया उरतात. त्या वाळवायच्या, फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा. वर तरंगणारं तेल थंड झालं की घट्ट होतं, मग हाताने त्याचे गोळे वळायचे. भेगाळलेल्या टाचांना, फुटलेल्या ओठांना आपल्या आज्या हेच लावायच्या. आज त्यालाच 'कोकम बटर' म्हणतात आणि शहरात छोट्या डबीत विकतात.

हे तेल साधारण 38 ते 40 अंशाला वितळतं. म्हणजे डबीत घट्ट आणि अंगावर चोळलं की मऊ. ते त्वचेवर थर धरतं, ओलावा उडू देत नाही. ही झाली खरी गोष्ट. "सात दिवसांत गोरेपणा", "एक्झिमा मुळापासून बरा" ही झाली थाप. रोग बरा करतो असं लिहिलंत, की कायद्याच्या नजरेत तुम्ही औषधाचा दावा केलात. मग कारवाई झाली तर "घरगुती आहे हो" हे कारण चालत नाही.

आता धंद्याचं गणित बघा.

1. बीमध्ये वजनाच्या साधारण पाव हिस्सा तेल असतं. म्हणजे 100 किलो बियांतून फार तर 25 किलो, आणि घरगुती पद्धतीने त्याहून कमी. दर ठरवताना हे आधी मांडा.

2. हंगाम उन्हाळ्याचा. वर्षाची बी तेव्हाच घेऊन नीट वाळवा. ओली बी राहिली तर बुरशी धरते आणि माल गेला.

3. मे महिन्यात नागपूरला पार्सल पाठवलंत तर डबीत पाणी झालेलं असेल. घट्ट झाकण वापरा आणि "उन्हात वितळतं, थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होतं" हे लेबलवरच छापा. तक्रारी निम्म्यावर येतील.

4. विक्रीसाठी बनवायचं तर कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणे एफडीएचा परवाना लागतो. स्वतःचं युनिट परवडत नसेल तर परवानाधारक उत्पादकाकडून बनवून घेण्याची सोय विचारा. बॅच नंबर, घटक, मुदत हे सगळं डबीवर हवंच.

आणि एक सांगतो. बी फोडणाऱ्या बाईला किलोमागे काय मिळतं, हे विचारल्याशिवाय डबीवर "कोकणच्या महिलांनी बनवलेलं" असं लिहू नका. नाव त्यांचं वापरायचं तर पैसाही त्यांच्यापर्यंत पोचला पाहिजे.

थाप मारून पहिली डबी विकता येते. दुसरी डबी मात्र टाच मऊ झाली तरच विकली जाते, आणि धंदा दुसऱ्या डबीवरच चालतो.

तुमच्या लेबलवर काय लिहिलंय? कमेंटमध्ये टाका, तिथेच बोलू.