ओमेगा सेंटॉरी: तारकागुच्छ की गिळलेल्या दीर्घिकेचा गाभा?

मे महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमारास पेणच्या रामवाडीतून दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण २४ अंशांवर ओमेगा सेंटॉरी असतो. अंधाऱ्या आकाशात तो पुसट ठिपका दिसतो, पण त्यात सुमारे १ कोटी तारे आहेत.

तारकागुच्छातले तारे सहसा एकाच काळात जन्मतात. इथे मात्र वेगवेगळ्या घडणीचे तारे आहेत. म्हणूनच हा आपल्या आकाशगंगेने गिळलेल्या छोट्या दीर्घिकेचा गाभा असावा, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात. बाहेरचे तारे ओढले गेले, दाट गाभा स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने टिकला.

२०२४ मध्ये हबल दुर्बिणीच्या २० वर्षांच्या छायाचित्रांतून केंद्राजवळ ७ अतिवेगवान तारे सापडले. त्यांना धरून ठेवायला किमान ८,२०० सूर्यांइतक्या वस्तुमानाचं कृष्णविवर लागेल. काही अभ्यासकांना तिथे लहान कृष्णविवरांचा घोळका वाटतो. एकच मोठं कृष्णविवर पक्कं ठरलं, तर दीर्घिकेचा दावा आणखी भक्कम होईल.