सायकल-अपघातांची जागा नकाशावर दिसू द्या

२०२२मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्राचा अहवाल सांगतो. त्यात सायकलस्वारांचा वेगळा आकडा असतो; पण पुण्यातला नेमका कोणता चौक त्यांच्या जिवावर उठतो, ते कळत नाही. ब्रिटनमध्ये पोलिसांनी नोंदवलेल्या अशा अपघातांची जागा, वेळ, वाहनाचा प्रकार कुणालाही पाहता येतो. आपले पोलीसही ‘ई-डार’ प्रणालीत जागेसह नोंद करतात. मग ती लोकांसाठी खुली का नको? खासगीपणाचा आक्षेप रास्त आहे, पण नाव आणि गाडीचा नंबर वगळला की तो बराचसा मिटतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: किरकोळ जखमा पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. म्हणूनच रुग्णालयांच्या नोंदी जोडाव्यात, आणि कॅनडातल्या ‘बाइकमॅप्स’सारखी, थोडक्यात टळलेले अपघातही नागरिकांना नोंदवता येतील अशी सोय करावी. सायकलमार्ग कुठे आखायचे, हे महापालिकेने त्या नकाशावरून ठरवावे.