संगणकाच्या गावात : टिंबाने अडवलेलं नाव

मित्रांनो, नाव न घातलेली वही वर्गात सापडली, की बाई विचारतात, "कुणाची रे ही?" संगणकाच्या प्रोग्रॅमचंही तसंच आहे. एकाने लिहिलेला प्रोग्रॅम इतरांना वापरता यावा म्हणून तो नीट बांधून ठेवतात. या गाठोड्याला म्हणतात पॅकेज. त्यात चूक सापडली तर कळवायचं कुणाला? काम आवडलं तर शाबासकी कुणाला? म्हणून पॅकेजसोबत माहितीची चिठ्ठी असते आणि तीत कर्त्याचं नाव असतं.

गंमत अशी, की चिठ्ठी लिहितो माणूस आणि वाचतो संगणक! जावास्क्रिप्ट भाषेतल्या पॅकेजांचं एनपीएम नावाचं मोठं कोठार आहे. तिथे कर्त्याची ओळख एका ओळीत अशी लिहिता येते :

मीना शं. जोशी <ईमेल> (संकेतस्थळ)

कोनी कंस येईपर्यंत नाव, कोनी कंसात ईमेल, गोल कंसात संकेतस्थळ. व्याकरणाच्या तासाला तुम्ही वाक्यपृथक्करण करता ना? हेही तेच. संगणकवाले त्याला पार्सिंग म्हणतात. त्यानंतर होते पडताळणी. नाव आहे का? ते हवंच. ईमेल आणि संकेतस्थळ नसलं तरी चालतं.

सोपं वाटतं, नाही? पण आता मीनाच्या नावातलं ते 'शं.' पाहा. १९८२ साली ईमेलच्या पत्त्यांसाठी 'आरएफसी ८२२' ही नियमावली आली. तिच्यात टिंब हे खास चिन्ह ठरलं. नावात टिंब घालायचं, तर नाव अवतरणचिन्हांत ठेवायला हवं. आपल्याकडे तर आद्याक्षरांची केवढी हौस! १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाच्या नियमांत यासाठी मुद्दाम सूचना आहे : पॅकेज सांभाळणाऱ्याच्या नावात टिंब असेल, तर ती ओळ जशीच्या तशी ईमेलचा पत्ता म्हणून चालणार नाही. ती वापरणाऱ्या प्रोग्रॅमनेच दुरुस्ती करून घ्यावी.

स्वल्पविरामाचीही तीच तऱ्हा. पत्त्यांच्या यादीत तो दोन माणसांना वेगळं करतो. 'जोशी, मीना' असं लिहिलं, तर संगणक म्हणेल, "ही दोन माणसं!" म्हणून पायथन भाषेच्या २०२० सालच्या नियमाने कर्त्याच्या नावात स्वल्पविराम नकोच, असं सांगितलं.

मग फक्त इंग्रजी अक्षरंच चालतील असा कडक नियम केला तर? तर देवनागरीत लिहिलेली 'मीना' दाराबाहेरच राहील! नियम माणसाच्या नावासाठी असावा, नाव नियमासाठी नव्हे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पडताळणी बघते ती मांडणी, खरेपणा नव्हे. उद्या कुणी आपल्या प्रोग्रॅमवर तुमचं नाव टाकलं, तरी मांडणी बरोबर असेल तर चिठ्ठी पास! म्हणून डेबियनमध्ये पॅकेज पाठवणारा आपल्या गुप्त किल्लीने त्यावर डिजिटल सही करतो. ती सही जुळली, तरच पॅकेज आत.

आता तुमचं काम. वर्गातली दहा नावं कागदावर लिहा. नाव, आडनाव आणि आद्याक्षर वेगळं करणारा एकच नियम बनवा. मग पाहा, तुमच्या नियमाने किती मित्रांना दाराबाहेर उभं केलं!