खनिज छत्तीसगडचे, दर दिल्लीचा!

छत्तीसगडच्या भूगर्भातील लोखंड राज्याच्या मालकीचे. त्याच्या रॉयल्टीचा दर मात्र १९५७ च्या खनिज कायद्यान्वये दिल्ली ठरवते. राज्याने स्वतःचा कर बसवावा, तर १९८९ च्या निकालाने तीही वाट बुजवलेली! २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी तो निकाल फिरवला : रॉयल्टी हा कर नव्हे, खनिजाधिकारांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांचाच. केंद्र सरकारने न्यायालयात याला कसून विरोध केला होता. 'बळकट केंद्रा'चा हा जप खाणमालकांच्या तिजोरीसाठीच नव्हे काय? संसद या अधिकारावर मर्यादा घालू शकते, ही टांगती तलवार आहेच. पण अधिकार रायपूरला आला म्हणजे बैलाडिलाच्या आदिवासीच्या पदरात पडला, असे मुळीच नाही. रायपूरच्या सत्ताधाऱ्यांनी आपल्या ग्रामसभांना तरी कोणते अधिकार दिले?