शेवटचा धडा कोणाचा?

शेजारच्या बिऱ्हाडातली मुलगी यंदा बारावीला आहे. परवा ती गॅलरीत येरझारा घालीत इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचीत होती, आणि चकलीचा सोऱ्या फिरवता फिरवता आमचा हात थांबला. आल्फॉन्स दोदे या फ्रेंच लेखकाची १८७३ सालची ती गोष्ट. आल्सास प्रांत जर्मनांनी जिंकला आहे, उद्यापासून शाळेत फक्त जर्मन शिकवायची असा बर्लिनहून हुकूम आला आहे, आणि म्हातारे मास्तर फ्रेंचचा शेवटचा तास घेत आहेत.

"काका, रडू येतं हो वाचताना!" ती म्हणाली.

येतेच. आम्हालाही आले होते. पण दोदेसाहेबांनी एक गोष्ट सांगितलेली नाही. आल्साशियन खेड्यांत बहुतेक घरी चुलीपाशी जी भाषा चाले, ती जर्मनचीच एक बोली! त्या वर्गातल्या पोरांना फ्रेंच अवघड जाई, यात नवल ते काय?

मग जर्मनांचे खरे मानावे? त्यांच्या पुस्तकांत असे की, चौदाव्या लुईने १६८१ मध्ये स्ट्रासबुर्ग बळकावले, आम्ही १८७१ मध्ये आमचे आम्ही परत घेतले. पण तिथल्या लोकांना विचारले कोणी? त्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी तर उघड निषेध केला होता. फ्रान्सचे राष्ट्रगीत १७९२ साली रचले गेले ते याच स्ट्रासबुर्गात. बोली जर्मन आणि गाणे फ्रेंच! तिथल्या कॅथेड्रलवर लुब्ध होऊन तरुण गटेने १७७२ मध्ये लिहिले की, ही खास जर्मन वास्तुकला. ती शैली मुळात पॅरिसच्या आसपास जन्मली, हे त्या थोर माणसाच्या गावीही नव्हते.

इकडे पॅरिसमध्ये स्ट्रासबुर्गच्या पुतळ्यावर काळे वस्त्र चढले ते १९१८ पर्यंत. दोन्हीकडची पोरे आपापला धडा पाठ करून मोठी झाली आणि खंदकांत उतरली. १८७० साली जन्मलेल्या आल्साशियन म्हातारीने घर न बदलता १९४५ पर्यंत चार वेळा देश बदलला. हिटलरच्या सैन्यात १९४२ पासून आल्सास-मोझेलची सुमारे १ लाख ३० हजार मुले बळजबरीने भरती झाली. युद्ध संपल्यावर फ्रेंचांनी प्राथमिक शाळांतून जर्मन हटवली. म्हणजे पुन्हा शेवटचा तास. फक्त मास्तर बदलले.

२००३ मध्ये दोन्ही देशांतल्या विद्यार्थ्यांनी मागणी केली, की आम्हाला इतिहासाचे एकच पुस्तक द्या. २००६ मध्ये पहिला भाग निघाला. मजकूर तोच, भाषा दोन. गंमत पाहा, सुरुवात केली ती १९४५ नंतरच्या काळापासून. भाऊबंदकीची वाटणी करताना शहाणी माणसे आधी ताटवाट्या मोजतात, विहिरीचा वाद मागून काढतात, तसेच! १८१५ ते १९४५ हा ठसठसता काळ २००८ च्या भागात आला. सगळ्याच शाळांनी ते लावले असे नाही.

हे सारे सांगून झाल्यावर ती मुलगी म्हणाली, "पण परीक्षेत काय लिहू?"

"पुस्तकातलंच लिही बाई," आम्ही म्हटले. मग तिला स्ट्रासबुर्गच्या स्मारकाचे चित्र दाखवले. १९३६ सालचे आहे. एका आईच्या मांडीशी मरणाऱ्या दोन मुलांनी एकमेकांचा हात धरला आहे. अंगावर गणवेश नाही. खाली कोरले आहे, "आमच्या मृतांना." कोणत्या देशासाठी मेले, ते लिहिलेले नाही.